काळा पाषाण आणि मांजऱ्या
(भूगोल व परिसर अभ्यास : इयत्ता पाचवी ते सातवी)

अग्निजन्य खडकांचा पाठ आला म्हणजे पाठ्यपुस्तकात बहुधा ग्रॅनाइट आणि बेसाल्ट ही जोडी दिलेली असते. एक भूगर्भात सावकाश थिजलेला व भरड कणांचा. दुसरा भूपृष्ठावर त्वरेने थिजलेला व बारीक कणांचा. तुलना योग्य आहे आणि व्याख्याही निर्दोष आहे. परंतु नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मार्गासनीसारख्या गावी हा पाठ घेणाऱ्या शिक्षकापुढे एक अडचण उभी राहते. तेथील डोंगर, ओढ्यातील गोटे, घरांची जोती आणि शेताचे बांध हे सारे एकाच जातीच्या खडकाचे, म्हणजे बेसाल्टचे आहेत. ग्रॅनाइटचा मूळ खडक पुणे जिल्ह्याच्या पृष्ठभागावर कोठेही उघडा पडलेला नाही.

तो फार खाली आहे. 1967 च्या भूकंपामुळे प्रसिद्ध झालेल्या कोयनेच्या परिसरात 2010 नंतरच्या काळात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल छिद्रे घेण्यात आली. त्यांपैकी रासाटी येथील छिद्रात बेसाल्टचे सुमारे 933 मीटर जाडीचे थर भेदल्यानंतर ग्रॅनाइटच्या वर्गातील प्राचीन खडक लागला. ज्यापर्यंत पोहोचण्यास जवळजवळ एक किलोमीटर खोल जावे लागते, त्या खडकाचे गुण मुलांनी चित्रावरून पाठ करावेत, ही अपेक्षा चुकीची नसली तरी फारशी फलदायी नाही. मुलांनी ग्रॅनाइट पाहिला असलाच तर तो स्वयंपाकघरातील ओट्यावर किंवा दुकानाच्या फळीवर. आणि ‘काळा ग्रॅनाइट’ या नावाने बाजारात मिळणारा दगड शास्त्रदृष्ट्या पुष्कळदा ग्रॅनाइट नसतोच!

यास्तव या भागातील शाळांत पाठाचा आरंभ निराळ्या जोडीपासून करणे हितावह ठरेल. ही जोडी शाळेच्या अंगणात उपलब्ध आहे. विहिरी खणणारी माणसे या दोन दगडांना दोन निरनिराळ्या नावांनी ओळखतात. एक काळा पाषाण, म्हणजे घट्ट काळा कातळ. दुसरा मांजऱ्या, म्हणजे अंगावर भोके किंवा पांढरे-हिरवे ठिपके असलेला ठिसूळ दगड. दोन्ही अग्निजन्य आहेत, दोन्ही बेसाल्टच आहेत, आणि पुष्कळदा ते एकाच वेळी वाहिलेल्या एकाच लाव्हारसाचे दोन भाग असतात. असे असूनही एकाच्या अंगी जे गुण आहेत ते दुसऱ्याच्या अंगी नाहीत. हे का, एवढाच या पाठाचा विषय आहे.

नमुने गोळा करणे

पाठाच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलास दोन दगड आणण्यास सांगावे. ओढ्याचे पात्र, रस्त्यासाठी कापलेली दरड, विहीर खणताना बाहेर टाकलेल्या दगडांचा ढीग, या ठिकाणी दोन्ही प्रकार सहज मिळतात. विहिरीत किंवा दगडखाणीत मुलांनी उतरू नये, अशी सक्त सूचना द्यावी. दगड फोडावयाचा असल्यास तो शिक्षकाने गोणपाटाखाली ठेवून हातोड्याने फोडावा, म्हणजे कपच्या डोळ्यांत उडणार नाहीत.

दगड फोडण्याची आवश्यकता आहेच. मुले रंगावरून दगड ओळखू पाहतात आणि तेथेच फसतात. ऊन-पावसात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या काळ्या पाषाणावर तपकिरी पुटे चढतात; बाहेरून तो काळा दिसतच नाही. फोडल्यावर आतील ताजा पृष्ठभाग निळसर काळा व घट्ट दिसतो. उलट मांजऱ्याचा रंग राखाडी, जांभळट किंवा तांबूस असतो आणि त्यात मसुराएवढ्या, वालाएवढ्या, क्वचित सुपारीहून मोठ्या पोकळ्या आढळतात. काही पोकळ्या रिकाम्या असतात, तर काही पांढऱ्या किंवा हिरवट पदार्थाने भरून गेलेल्या असतात.

मग दोन्ही दगड हातात घेऊन पाहावेत. सारख्या आकाराच्या तुकड्यांपैकी काळा पाषाण जड लागतो. हा फरक केवळ हाताच्या अंदाजावर न सोडता वजन करून दाखविल्यास मुलांची खात्री पटते. काठोकाठ पाणी भरलेल्या पातेल्यात दोरीने बांधलेला दगड पूर्ण बुडवावा, सांडलेले पाणी परातीत गोळा करून त्याचे वजन करावे आणि कोरड्या दगडाच्या वजनास त्याने भागावे. घट्ट काळा दगड तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या सुमारे 2.9 पट भरतो. मांजऱ्याचा अंक याहून कमी येतो. किती कमी, हे त्यातील पोकळ्यांवर अवलंबून असल्याने प्रत्येक मुलाचे उत्तर निराळे येईल. ती उत्तरे चुकीची समजून खोडून टाकू नयेत.

हातोडीने हलकेच ठोकल्यास काळा पाषाण खणखणतो. मांजऱ्या बद्द वाजतो. लोखंडी खिळ्याने काळ्या पाषाणावर सहसा ओरखडा उमटत नाही; मांजऱ्यातील भरलेले पांढरे ठिपके मात्र पुष्कळदा ओरबाडले जातात. अशा ठिपक्यांची पूड करून तीवर लिंबाचा रस टाकल्यास कधी कधी बारीक फेस येतो. तसा फेस आल्यास ते खनिज कॅल्साइट समजावे. फेस आला नाही तर ते झिओलाइट किंवा गारगोटीच्या जातीचे असू शकते.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. महाबळेश्वर किंवा कोकण पाहून आलेला एखादा मुलगा जांभा दगडाचा तुकडा आणील आणि त्यास भोके असल्याने तोही मांजऱ्याच आहे असे म्हणेल. जांभा हा अग्निजन्य खडक नव्हे. खडक उष्ण व पावसाळी हवेत दीर्घकाळ कुजून, त्यातील विद्राव्य द्रव्ये धुपून गेल्यावर जो लोहयुक्त अवशेष उरतो तो जांभा. केवळ भोक पाहून जात ठरवू नये. भोक कशाने पडले हे पाहावे.

भोके कशाने पडली

या प्रश्नाचे उत्तर मुलांकडूनच काढून घेता येते. सोडावॉटरची बाटली उघडण्यापूर्वी तिच्यात बुडबुडे दिसत नाहीत. बूच काढताच दाब कमी होतो आणि बुडबुडे वर धावतात. लाव्हारसाचेही असेच घडते. तो भूगर्भात दाबाखाली असतो तेव्हा पाण्याची वाफ, कर्बवायू इत्यादी वायू त्यात विरघळलेले असतात. तो पृष्ठभागावर येताच दाब नाहीसा होतो, वायू सुटे होतात व बुडबुड्यांच्या रूपाने वर चढू लागतात. प्रवाहाचा वरचा भाग हवेच्या स्पर्शाने आधी थिजतो. तेथपर्यंत आलेले बुडबुडे तेथेच अडकून पडतात. मधला भाग झाकला गेल्याने सावकाश निवतो, त्यातील वायूंना निसटण्यास अवकाश मिळतो आणि तो घट्ट बनतो. गुऱ्हाळातील काहिलीत उकळत्या रसावर फेस कसा जमतो हे पाहिलेल्या मुलास अधिक सांगावे लागत नाही.

अशा रीतीने एका लाव्हाप्रवाहाच्या माथ्याशी मांजऱ्या आणि पोटाशी काळा पाषाण तयार होतो. तळाशीही थोड्या पोकळ्या राहतात. त्या काही वेळा नळीसारख्या उभट असतात. रिकाम्या राहिलेल्या पोकळ्यांतून पुढे लक्षावधी वर्षे कोमट पाणी झिरपत राहिले आणि त्यात विरघळलेली द्रव्ये पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिकरूपाने साचली. मांजऱ्यातील पांढरे ठिपके ते हेच. मोठी पोकळी सापडली तर आत टोकदार, चकचकीत स्फटिकांचे लहानसे दालनच दिसते. पुणे जिल्ह्यातील असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. वाघोलीच्या दगडखाणींतील निळे कॅव्हन्साइट तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. मार्गासनीचे ओढे धुंडाळून निळा खडा मिळेल असे मुलांना सांगू नये. गारगोटी मात्र मिळेल, आणि ती कोठून निखळली हे आता त्यांना कळेल.

काळ्या पाषाणातील कण डोळ्यांना का दिसत नाहीत, हाही प्रश्न निघतो. साखरेचा दाट पाक सावकाश निवू दिला तर खडीसाखरेचे मोठे खडे बनतात. चटकन निवविला तर बारीक कण. लाव्हारस पृष्ठभागावर निवाला म्हणून बेसाल्टचे कण बारीक राहिले. ग्रॅनाइट कित्येक किलोमीटर खोलीवर, अतिशय संथपणे निवाला म्हणून त्याचे कण मोठे झाले. या ठिकाणी पाठ्यपुस्तकातील ग्रॅनाइटचे चित्र मुलांसमोर ठेवावे. आता ते त्यांना बोलके वाटेल. ग्रॅनाइटमध्ये सिलिकेचे प्रमाण अधिक असल्याने त्याचा रंग फिकट असतो, एवढे सांगून पुढे जावे.

डोंगर आणि पायऱ्या

तोरणा हा ज्वालामुखी होता काय, असे एखादा मुलगा हमखास विचारतो. नव्हता. राजगड किंवा तोरणा हे लाव्हारस ओकणारे शंकू नव्हेत. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी जमिनीस पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर पडून पसरत गेला. एकावर एक प्रवाह साचून जे विस्तीर्ण पठार बनले त्याचे आज उरलेले क्षेत्र सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. पुढे नद्यांनी ते पठार कापून काढले. समुद्रसपाटीपासून सुमारे 1400 मीटर उंचीचा तोरणा हा त्या कापाकापीतून शिल्लक राहिलेला उंचवटा आहे. गुंजवणीच्या खोऱ्यात जी पोकळी दिसते तेथेही एके काळी खडकच होता, हे मुलांना प्रथम खरे वाटत नाही. समोरासमोरच्या दोन डोंगरांवर सारख्या उंचीवर आढळणारे आडवे पट्टे दाखविले म्हणजे पटते.

या पट्ट्यांतच आपल्या दोन दगडांची तुलना मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळते. काळा पाषाण सहजासहजी झिजत नाही. त्याचे उभे कडे बनतात. मांजऱ्या लवकर कुजतो. त्याचे उतार व सपाट टप्पे बनतात आणि त्यांवर माती धरून गवत-झुडपे वाढतात. म्हणूनच पावसाळ्यानंतर दूरवरून डोंगराकडे पाहिले असता काळा कडा, हिरवा टप्पा, पुन्हा काळा कडा अशा पायऱ्या दिसतात. युरोपीय अभ्यासकांनी या खडकांस ‘ट्रॅप’ हे नाव दिले, ते पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. मार्गासनीस उतरून साखरमार्गे गुंजवण्यास व तेथून राजगडावर जाणाऱ्या माणसाची दमछाक ज्या ठिकाणी होते, तेथे तो बहुधा काळ्या पाषाणाची पायरी चढत असतो!

काही ठिकाणी दोन प्रवाहांच्या मध्ये विटकरी रंगाच्या मातीचा पट्टा दिसतो. यास पुष्कळ लोक गेरू म्हणतात. पहिला प्रवाह थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात पहिल्याचा माथा कुजून माती बनली आणि तिच्यावर पुढचा तप्त रस पसरला. लाव्हारस एका दिवसात येऊन गेला नाही, मध्ये मोठे विसावे होते, याचा तो पुरावा होय.

माणसाने या दोन दगडांतील भेद शास्त्र शिकण्यापूर्वीच ओळखला होता. पाटा, वरवंटा, जाते, देवळाचा उंबरा, मूर्ती यांसाठी पाथरवट घट्ट काळा पाषाणच निवडतो. पाटा गुळगुळीत झाला की त्यास पुन्हा टाकी लावता येते, मांजऱ्यास टाकी लावली तर त्याचा चुरा होतो. गडावर पाण्याचे टाके खोदावयाचे तर फट नसलेला कातळ हवा. नाहीतर पावसाळ्यात भरलेले टाके हिवाळ्यातच रिकामे व्हावयाचे. भोरजवळ येळवंडी नदीवर 1928 साली पूर्ण झालेले भाटघरचे धरण दगडी बांधणीचे आहे. अशा कामास ठिसूळ दगड चालत नाही.

विहीर

परंतु या भागातील कुटुंबांस दोन्ही दगडांची खरी ओळख होते ती विहिरीत. वेल्हे आणि भोरच्या पश्चिम भागात पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो, भातखाचरे तुडुंब भरतात. आणि तरीही चैत्र-वैशाखात डोंगरावरील वाड्यांना पिण्याच्या पाण्यासाठी दूर जावे लागते. पडलेले पाणी जाते कोठे? उतारावरून नदीस मिळते, हे उत्तर खरे पण अर्धे. उरलेले अर्धे उत्तर दगडांत आहे.

मुलांस प्रथम अंदाज करू द्यावा. दोन दगडांपैकी पाणी कोणता साठवील? सर्व वर्ग एकमुखाने मांजऱ्याकडे बोट दाखवील, कारण त्यास भोके आहेत. मग दोन्ही दगड वजन करून रात्रभर पाण्यात ठेवावेत, सकाळी बाहेरून पुसून पुन्हा वजन करावे. काळ्या पाषाणाचे वजन वाढल्याचे बहुधा जाणवणार नाही. मांजऱ्याचा तुकडा ताजा व घट्ट असेल तर त्याचेही वजन अपेक्षेइतके वाढणार नाही. मुलांचा विरस होईल. परंतु पाठाचा कळीचा मुद्दा येथेच आहे. मांजऱ्यातील भोके एकमेकांस जोडलेली नसतात, आणि पुष्कळशी खनिजांनी बुजलेली असतात. बंद दारांच्या खोल्यांत पाहुणा शिरावा कसा? तोच मांजऱ्या कुजून भुसभुशीत झालेला असेल तर तो पाणी शोषून घेतो व धरून ठेवतो. म्हणजे नुसते भोक असणे पुरेसे नाही. भोकाभोकांमध्ये वाट पाहिजे.

काळ्या पाषाणाच्या बाबतीतही असाच उलटा प्रकार आढळतो. दगड स्वतः पाणी घेत नाही, पण निवताना आकुंचन पावल्याने त्यास चिरा पडतात. चिरा पुष्कळ आणि एकमेकींस मिळालेल्या असतील तर त्यांतून झरे वाहतात. चिरा नसतील तर तो कातळ घागरीच्या बुडासारखा कोरडा. यामुळेच दोन शेतांच्या अंतरावर एका विहिरीस मेपर्यंत पाणी असते आणि दुसरी माघातच तळ दाखविते.

नवी विहीर खणू लागले म्हणजे वरून माती, मग मुरूम, मग कुजलेला मांजऱ्या आणि त्याखाली काळा कातळ असा क्रम पुष्कळ ठिकाणी आढळतो. कुजलेल्या मांजऱ्यातून झिरपलेले पाणी खालच्या कातळावर अडते. म्हणून त्या दोहोंच्या सांध्याशी पाझर लागण्याचा संभव अधिक असतो. एकदा काळा कातळ लागला की पहार चालत नाही. सुरुंग लावावे लागतात आणि खर्च झपाट्याने वाढतो. अशा वेळी घरातील वडील माणसे विहिरीच्या काठावर बसून थांबावे की पुढे जावे याचा विचार करतात. कर्ज काढून आणखी खाली गेले आणि चीर लागली नाही, तर कर्ज तेवढे उरते. विंधन विहिरीच्या बाबतीत तर यंत्र काही तासांत कातळ भेदून जाते, आणि वर येणारी पूड कोणत्या रंगाची आहे याकडे लक्ष देण्यास कोणास सवड नसते.

पाणी शोधण्यासाठी पाणाड्याला बोलाविण्याची चाल अद्याप आहे. हातावरील नारळ उभा राहिल्याने खडकातील चीर कळते, असे मानण्यास शास्त्राचा आधार नाही. मात्र आयुष्यभर विहिरी खणलेल्या माणसाचे दगडाविषयीचे ज्ञान ही निराळी गोष्ट आहे. कोणत्या टेकाडाखाली मांजऱ्या किती खोल जातो, कोणत्या अंगास कातळ फुटका आहे, हे तो पाहून सांगू शकतो. अशा एखाद्या गावकऱ्यास वर्गात सन्मानाने बोलावून त्याच्याकडून दगडांची नावे वदवून घ्यावीत. शिक्षकास ठाऊक नसलेली दोन-चार नावे तरी त्या दिवशी वहीत उतरतील.

पुढील काम

पाठ एका तासिकेत संपविण्याची घाई करू नये. वरच्या वर्गातील मुलांनी आपापल्या वाडीतील विहिरींची एक वही करावी. विहीर कोणत्या साली खणली, किती खोलीपर्यंत माती व मुरूम, मांजऱ्या कोठे लागला, कातळ कोठे लागला, झरा कोणत्या अंगास आहे, ही माहिती घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहावी. जुनी माणसे खोली परसांत सांगतात. तो आकडा तसाच लिहून कंसात त्याचे अंदाजे फूट द्यावेत. जेथे आठवणीत मतभेद असतील तेथे दोन्ही मते लिहावीत.

यासोबत एक सोपे मापन चालू ठेवता येते. प्रत्येक फुटावर गाठ मारलेल्या दोरीस दगड बांधून, कठडा असलेल्या विहिरीत मोठ्या माणसाच्या देखत ती सोडावी आणि काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजावे. पहिले माप दिवाळीच्या सुट्टीनंतर, दुसरे होळीच्या सुमारास आणि तिसरे उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी घ्यावे. मापे दगडांच्या नोंदीसमोर त्याच ओळीत लिहावीत. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या म्हणजे कोणत्या दगडातील विहीर किती दिवस टिकते हे वही उघडताच दिसू लागेल. सातवीची मुले शाळा सोडून जाताना ती वही सहावीच्या मुलांच्या स्वाधीन करावी आणि ज्या दोरीने मापे घेतली तीच दोरी वहीबरोबर द्यावी. दुसऱ्या दोरीच्या गाठी निराळ्या अंतरावर असतात.